बोलका म्हसोबा

तलवाडा,
दि. ३ फेब्रुवारी २०२५

चि. धोंडीराम यास,
अक्काचे अ. उ. आ. इकडे माणसं-मेंढरं सगळी खुशाल. तुझ्या खुशालीचं मात्र मला काही खरं दिसत नाही.

आमचा जीवन परवा मेंढरांचं औषध आणायला बीडला गेलता. तिथं त्याला तू दिसलास. पाठीला दप्तर, हातात डबा, आणि जुन्या जिनिंगच्या शेडात लगबगीनं शिरलास म्हणे. मामा तोफखान्यातला निवृत्त सुभेदार, साठी उलटलेली, डोक्यावर औषधालाही केस नाही, आणि शाळेत? पोराला वाटलं आपलेच डोळे बिघडले. मी तुझ्या बायकोला फोन लावला, तर छबू म्हणाली की खरंच हाय अक्का, डबा बी मीच भरून देते. माझी तव्यावरची भाकरी तशीच जळाली. तुझे दाजी म्हणाले की सरकारनं पेन्शन थांबवली का काय, न्हाईतर हा कशापायी शाळेत जातोय. आता तूच काय ते कळव. फोन तुझ्या कानांना चालत नाही आणि मोबाईलवरची बारीक अक्षरं माझ्या डोळ्यांना, तेव्हा आपल्याला पोस्टमनच बरा.

दुसरी गोष्ट चेष्टेची नाही. आपला बोलका म्हसोबा मुका झालाय. तुला त्याचा आवाज आठवत असेल. सासऱ्यांच्या नांगराला लागून शेतात सापडलेला देव. खांद्यावर नारळ आपटला की ठणकन बोलायचा, म्हणून तर सगळ्या पंचक्रोशीत त्याचं नाव. तू भरतीला निघालास तेव्हा तूही नारळ फोडून त्याचा आवाज ऐकून गेलतास. वर्षानुवर्षं शेंदूर चढत जाऊन आता देवाच्या अंगावर चांगलं बोटभर जाड कवच झालंय. नारळ फुटतो, आवाज काही येत नाही. तुझ्या दाजींनी ते मनाला लावून घेतलंय. त्यांना वाटतं पूजेत त्यांचंच काही चुकलं. डोळे मिटायच्या आत देव एकदा बोललेला ऐकायचाय, एवढंच त्यांचं मागणं आहे. म्हणून चैत्री पौर्णिमेच्या जत्रेआधी कवच काढून घ्यायचं ठरतंय.

महाशिवरात्रीला ये. दप्तर घरी ठेवून आलास तरी चालेल.

माया आहे तेवढीच राहू दे, आणि घरचा अभ्यास झाला की पत्राचं उत्तर लिही.
तुझी,
साखराअक्का

----

बीड,
दि. ११ फेब्रुवारी २०२५

ती. अक्का हिच्या चरणी,
धोंडीरामचा शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र छबूनं आधी फोडलं, आधी हसली आणि मग मला दिलं.

अक्का, शाळाच आहे, लपवायचं कशाला? जवान-विज्ञान मंडळ असं नाव आहे. मोहिनीताई म्हणून विज्ञानाच्या निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांनी चार देणगीदार गाठून ही संस्था उभी केली. आमच्यासारखे फौजेतून आलेले आणि घरात नुसते बसून असलेले लोक तिथं जमतात. कोणी दुर्बीण तयार करतं, कोणी रेडिओ उघडून पुन्हा जोडतं, कोणी ड्रोन उडवायला शिकतं. मग ते घेऊन आम्ही खेड्यांतल्या शाळांत जातो आणि पोरांना दाखवतो. पहिल्या दिवशी मला सगळं पाहून घाम फुटला होता. तोफा चालवलेला माणूस मी, पण तारा झारून जोडायचं यंत्र तापल्या बाजूनंच धरायला गेलो.

तुला खरं सांगतो. तोफांनी कान नेले त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून लोक माझ्याशी बोलायचे हळूहळू थांबले. ओरडून बोलायचा कंटाळा येतो माणसाला, त्यांचा दोष नाही. बँकेच्या दारावर पहारेकरी म्हणून ठेवायलाही कोणी तयार नव्हतं. मी पारावर बसून लोकांची तोंडं हलताना पाहायचो. इथं पहिल्याच दिवशी ताईंनी एक पाटी आणून ठेवली आणि तिच्यावर लिहिलं की सुभेदार, तुम्हाला काय करावंसं वाटतं? अक्का, हे मला कोणी विचारून किती काळ झाला असेल! मी वर्गात रडलो, आणि शेजारच्या अभिमन्यूनं पाटीवर लिहिलं की रडा, पण तारांवर पाणी सांडू नका. हा अभिमन्यू गेवराईचा, फौजेत सुरुंग काढायच्या कामावर होता. एक पाय त्याच कामात गेला. मोटारसायकल मात्र दोन पायवाल्यांपेक्षा जोरात चालवतो.

तर मी जमिनीतलं लोखंड शोधायचं मशीन केलंय. बाकीच्यांची मशीनं शिट्टी वाजवतात. मला शिट्टीचा काय उपयोग? म्हणून ताईंनी माझ्या मशीनला लाल दिवा लावायला शिकवलं. शिवरात्रीला घेऊन येतो. दाजींचे हरवलेले विळे-कोयते सगळे शोधून देईन म्हणावं.

म्हसोबाचा आवाज मला अजून आठवतो. आता तो बोलला तरी मला कळायचं नाही, पण दाजींना ऐकायला मिळो.

भावाला वेडा म्हण, पण परका करू नकोस, ही विनंती.
तुझा,
धोंडीराम

----

तलवाडा,
दि. ९ मार्च २०२५

चि. धोंडीराम यास,
अक्काचे अ. उ. आ. तू शिवरात्रीला येऊन काय गोंधळ घालून गेलास, तो अजून निस्तरतोय.

तुझ्या मशीनला शेतात एक विळा, दोन नाल आणि जीवनचा मोडका पाना सापडला, तोवर सगळी वस्ती तुझ्या मागं फिरत होती. मग तू म्हसोबाच्या पाया पडायला गेलास आणि तो दिवा लागला तो विझेना! तू म्हणालास त्रिशुळामुळं लागला. त्रिशूळ उपटून बाजूला नेला तरी लागला. घंटा काढली तरी लागला. तू डोकं खाजवत संध्याकाळच्या एसटीनं निघून गेलास आणि मागं तुझ्या दाजींनी वस्तीभर पेढे वाटले. ते म्हणतात की धोंडीरामला ऐकू येत न्हाई, म्हणून देव त्याच्याशी उजेडानं बोलला. मुका झाला न्हाई, आतून जागा हाय.

आणि आता खरी बातमी ऐक, तुझा विश्वास बसायचा नाही. परवा देवाला कोमट पाण्यानं आंघोळ घालताना मागच्या अंगानं शेंदराची एक खपली आपोआप सुटून पडली. आत काय दिसलं असेल? देवाच्या कमरेला करदोडा! अस्सल तांब्याचा, देवाच्या अंगातच बसवलेला, आणि त्याच्यावर तिरप्या रेघा इतक्या सारख्या कोरलेल्या की बीडच्या सोनाराला जमायच्या नाहीत. मातीतल्या देवाला करदोडा कोणी घातला असेल रे? तुझे दाजी तिथंच खाली बसले आणि लहान लेकरासारखे रडले. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांना असं पाहिलं नव्हतं.

आता कोणी थांबायला तयार नाही. लिंबागणेशचा रामेश्वर पाथरवट होळी झाली की सोमवारी येतोय. छन्नी-हातोड्यानं सगळं कवच उतरवायचं, मग पहिला नारळ तुझे दाजी फोडणार. देव बोलला की गावजेवण. मी पुरणाला डाळ निवडून ठेवली आहे.

सवड काढून ये. नाही जमलं तर तिथूनच हात जोड. तुझ्या मास्तरीणबाईंनाही नमस्कार सांग.
मायेत खाडा नको.
तुझी,
साखराअक्का

----

बीड,
दि. १९ मार्च २०२५

ती. अक्का हिच्या चरणी,
धोंडीरामचा शि. सा. न. वि. वि. हातोडा धरताना मुरगळलेला हात अजून नीट चालत नाही, अक्षर समजून घे.

सोमवारी तू चुलीपाशी होतीस. तुला माझा फक्त आरडाओरडा ऐकू आला असेल, आणि मग दाजींनी सगळ्यांदेखत माझ्या थोबाडीत मारलेली तू पाहिलीस. मला ऐकू येत नाही, त्यामुळं मी किती मोठ्यानं ओरडतोय ते मला कळत नव्हतं. लोक काय म्हणत होते तेही कळत नव्हतं. तू माझ्याकडं पाहून पदर तोंडाला लावलास आणि आत गेलीस, तेवढं दिसलं. म्हणून आता सगळं लिहितो.

सणाच्या आणि रविवारच्या सुट्टीमुळं तुझं पत्र मला सोमवारीच सकाळी मिळालं. मी दारात उभं राहून वाचत होतो. करदोडा या शब्दापर्यंत हसत होतो. तिरप्या रेघांपाशी आलो आणि ती ओळ पुन्हा वाचली. अक्का, तोफेच्या गोळ्याला बुडाच्या वर तांब्याचा पट्टा असतो. तोफेच्या नळीत आतून तिरपे आटे असतात. गोळा सुटताना तो पट्टा त्या आट्यांतून घासत जातो आणि त्याच्यावर तशाच रेघा उमटतात. तसा पट्टा मी हजारदा हाताळलाय. रेघा नसत्या तर तो न उडवलेला गोळा. रेघा आहेत म्हणजे तो कोणीतरी तोफेतून मारलेला, येऊन पडलेला आणि न फुटता राहिलेला गोळा आहे. कधीकाळी त्या माळावर फौजेचा तोफांचा सराव झाला असेल, त्यातला.

छबूनं जीवनला फोनवर फोन केले, पण वस्तीवरची रेंज येते-जाते, तेव्हा नेमकी नव्हती. मी तिला पोलिसांना कळवायला सांगितलं आणि अभिमन्यूच्या मागं बसलो. पोहोचलो तेव्हा रामेश्वरनं पाठीकडचा शेंदूर उतरवला होता आणि छन्नी देवाच्या डोक्याशी लावली होती. गोळा फुटायची कळ तिथंच असते. मी त्याचा हातोडा वरच्या वर धरला आणि त्याला ढकलून मध्ये उभा राहिलो. दाजींनी मला मारलं ते बरोबरच होतं. त्यांच्या जागी मीही मारलं असतं. अभिमन्यूनं गुडघे टेकून नुसतं पाहिलं आणि रामेश्वरच्या कानाशी काहीतरी सांगितलं, तेव्हा तो बिचारा छन्नी टाकून जो पळाला तो ओढ्यापर्यंत थांबला नाही. मग पोलीस आले.

मला राहून राहून एकच दिसतं. नोकरीभर सुट्टीवरून परत जाताना मी त्या गोळ्यावर डोकं टेकवून म्हणायचो की देवा, तोफेच्या गोळ्यापासून सांभाळ. चांदीचे डोळे, फुलं, कापड, त्यावर बोटभर शेंदूर. तोफखान्यातला माणूस, आणि मला ओळखू आला नाही! या विचारानं मी काल दोनदा जेवणावरून उठलो.

उद्या फौजेची माणसं येतील, म्हणून हे पत्र आजच अभिमन्यूच्या हाती पाठवतोय. हलवणं धोक्याचं असल्यानं तिथंच वाळूची पोती रचून उडवतील. अक्का, दाजींना वस्तीवर थांबू देऊ नकोस. ते माझं ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील. मेंढरंही लांब न्या.

रागाव, पण लांब जाऊन रागाव. एवढीच भीक घाल.
तुझा,
धोंडीराम

----

तलवाडा,
दि. २५ मार्च २०२५

चि. धोंडीराम यास,
आशीर्वाद. खुशाली विचारू नकोस.

उडवला. आम्हाला सगळ्यांना शाळेच्या पटांगणात नेऊन बसवलं होतं. आवाज झाला तेव्हा माझ्या मांडीवरचं नातवंड एकदम वर उचललं गेलं आणि मग किती वेळ रडलंच नाही, नुसतं तोंड उघडून राहिलं. शाळेच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. मेंढरं जाळी तोडून पळाली, ती गोळा करायला जीवनला संध्याकाळ झाली. मी घरी आले तर देवाच्या जागी खड्डा. सगळं घर त्यात मावेल एवढा. मी काठावरूनच मागं फिरले.

धोंडू, मी या घरातली चारही लेकरं बाराव्या दिवशी तिथं नेऊन त्यांची टाळू देवाला टेकवली. तेजश्री सून म्हणून आली, तिनंही आपल्या लेकराची टेकवली. उन्हाळ्यात पोरं त्याला टेकून झोपायची. मी स्वतः किती नारळ आपटले त्याच्या खांद्यावर! बोलला नाही तर पुन्हा जोरात आपटायचे. आता भाकरी थापताना हाताचा आवाज झाला तरी अंगावर काटा येतो.

तुझं बरोबर होतं हे मला समजतं. तरी तुझा राग येतो, आणि तो तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. टीव्हीवाले येऊन गेले. बाजारात बाया मला बघून कुजबुजतात की हीच ती बॉम्बची पुजारीण. तुझे दाजी जेवत नाहीत. देवाची आरती, घंटा, चांदीचे डोळे सगळं एका फडक्यात बांधून उशाला घेतलंय. नेमाच्या वेळेला उठून आंघोळ करतात आणि मग कुठं जायचं ते न कळून ओसरीत उभे राहतात. मी पाहते आणि आत जाते.

काल पहिल्यांदा बोलले. तुला विचारायला सांगितलंय, म्हणून त्यांच्याच शब्दांत लिहिते. ते म्हणाले की बापाच्या नांगराचा फाळ त्याला लागला, त्यो फुटला न्हाई. इतकी वर्सं आमी नारळ आपटले, त्यो फुटला न्हाई. लेकरं त्याच्यावर निजली, त्यो फुटला न्हाई. तवा त्याला कुणी धरून ठिवलं व्हतं, ते धोंडीरामच्या शाळेला इचार.

तुझ्या मास्तरीणबाईंना विचारून कळव.
तुझीच,
साखराअक्का

----

बीड,
दि. २ एप्रिल २०२५

ती. अक्का हिच्या चरणी,
धोंडीरामचा शि. सा. न. वि. वि. पाडव्याला यायचं धाडस झालं नाही. छबूनं साखरेची गाठी आणून ठेवली होती, ती तशीच आहे.

दाजींचा प्रश्न मी शाळेत नेला. अभिमन्यूनं सांगितलं की काही गोळे पडतात आणि त्यांची कळ बसतच नाही. पुढं गंजून आत अडकते. पण दारू आत जिवंतच असते, एखादा घाव वर्मी लागला की संपलं. मग इतक्या घावांपैकी तो एक का लागला नाही, हे त्यालाही सांगता येईना. मी मोहिनीताईंपुढं पाटी सरकवली. त्यांनी खडू घेतला आणि लिहिलं की माहीत नाही. त्याखाली लिहिलं की दाजींना माझ्या वतीनं नमस्कार सांगा. अक्का, दुसरं काही बनवून सांगणार नाही.

ते मशीन मी शेडातल्या कपाटात कुलूप लावून ठेवलंय. त्याला हात लावावासा वाटत नाही. ताई म्हणतात की त्या दिव्यानं माणसं वाचली. मला तो दिवा आठवला की दाजींनी वाटलेले पेढे आठवतात.

दाजींना दोन घास खायला लाव. मला क्षमा करायची घाई करू नका.
तुम्हा दोघांचा,
धोंडीराम

----

तलवाडा,
चैत्री पौर्णिमा, दि. १२ एप्रिल २०२५

चि. धोंडीराम यास,
अक्काचे आशीर्वाद. हे पत्र पोस्टानं येत नाही, जीवन मोटारसायकलवरून घेऊन येतोय. तू वाचत असतानाच मशीन कपाटातून काढायला सांग.

तुला ओढ्यापलीकडचा धाकटा माहीत नसेल, तू तिकडं कधी गेला नाहीस. आमच्या चुलत सासऱ्यांच्या वस्तीवर एक म्हसोबा आहे. तो आपल्या म्हसोबाचा धाकटा भाऊ असं सगळे मानतात, म्हणून दोघांची जत्रा एकाच दिवशी असते आणि धाकट्याचा पहिला नारळ फोडायचा मान थोरल्याच्या पुजाऱ्याचा. फौजेची माणसं आमचं शेत तपासून गेली. आणखी कुठं लोखंड सापडलं का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा सगळ्यांनी नाही म्हणून सांगितलं. लोखंड विचारल्यावर देव कोणाच्या ध्यानात येतो? माझ्या नाही आला. जीवनच्या नाही आला.

आज सकाळी तुझे दाजी उठले, आंघोळ केली, फेटा बांधला आणि भाकरी मागितली. मला इतका आनंद झाला की मी दूधही पुढं ठेवलं. म्हटलं, मानाला जाताहेत, चला, सावरले. मीही मागोमाग गेले. हलगी वाजत होती, ही गर्दी होती, पोरं अगदी देवाला चिकटून उभी होती. नारळ त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वर उचलला. वरच धरून ठेवला. मग हात खाली आणला आणि नारळ न फोडता मांडी घालून देवाच्या पुढ्यात बसले.

हलगी थांबली. त्यांनी सगळ्यांना सांगितलं की ह्यो बी त्याच शेतात, त्याच नांगराला लागलाय, आमच्या बापानं भावाला वाटणीत दिलाय. माझ्या म्होरं कुणी नारळ आपटायचा न्हाई, पोरं घिऊन मागं सरा. चुलतजाऊ सुंदरबाई किंचाळली की सोताचा देव गेला म्हणून आमचा मारायला आला. तिची पोरं काठ्या घेऊन आली. एकानं तुझ्या दाजींचा फेटा उडवला. ते जागचे हलले नाहीत. नारळ मांडीवर घट्ट धरून बसलेत, अजून बसलेत.

सुंदरबाईची माणसं पोलिसांना बोलवू देत नाहीत. जीवननं त्यांच्यापुढं हात जोडले तेव्हा शेवटी एवढ्यावर आलेत की धोंडीरामनं येऊन एकदाच मशीन लावायचं. दिवा लागला तर ते वस्ती सोडून लांब होतील आणि पोलिसांना येऊ देतील. नाही लागला तर तुझ्या दाजींनी सगळ्यांपुढं कान धरून धाकट्याच्या पाया पडायचं, आणि पुजारीपणाचा मान कायमचा गेला. तुझे दाजी लगेच कबूल झाले. तुझ्या थोबाडीत मारल्याबद्दल ते काही बोलले नाहीत, बोलायचेही नाहीत. एवढंच म्हणाले की त्याला सांगा, लौकर ये, लई लोक हायत.

धोंडू, दिवा लागला तर त्या माणसाचा दुसराही देव आज जाईल. नाही लागला तर त्यानं खऱ्या देवाचा मान भर जत्रेत मोडला असं होईल, आणि ते घेऊन तो जगायचा नाही. हे लिहून झालं की मी पुन्हा त्यांच्या मागं जाऊन उभी राहते. हात जोडीन, पण काय मागू ते मला कळत नाही.

तू ये.
अक्का